दीड तासाला दीड तास

दस्तगीरभाईंचं दुकान हरभट रोडच्या आतल्या बोळात.
खाली मोबाइलची कव्हरं, जिना चढून वर हे काम.
'दीड तासाच्या कॅसेटला दीड तासच लागतो, ताई.
घाई असेल तर उद्या न्या.'

घाई कसली.
एकोणीसच्या महापुरात पाणी आमच्या माळ्याखाली
वीतभरावर येऊन थांबलं होतं,
तेव्हापासून हा बिस्किटाचा पत्र्याचा डबा
मी प्रत्येक घरात सगळ्यात उंच फळीवर ठेवत आलेय.
आत चार छोट्या कॅसेटी.
एकीवर आईच्या अक्षरात 'बारसं',
ते खोडून 'कुंभोज',
म्हणजे माझ्या बारशावर बसलेत डोंगर चढणारे लोक.

भाईंचा कॅमेरा तीन मेलेल्या कॅमेऱ्यांचे अवयव काढून
जिवंत ठेवलेला.
त्यांनी बुरशी पुसली, बाळाच्या कानातला मळ काढावा तशी,
पण कॅसेट लगेच लावली नाही.
आधी एक फालतू टेप फिरवून बघितली.

अण्णा सांगायचे,
हरिपुरात हळदीचं पेव उघडलं की
लगेच कुणी खाली उतरत नसे.
तोंड उघडं टाकायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर अजून थांबायचं.

सव्वातीनला कंदील विझला नाही.

आधी मुंग्या. मग आमची गल्ली.
सगळे फोटोला उभे राहावेत तसे उभे,
हात मांडीला चिकटवून, श्वास धरून.
आत्याबाई तर पापणी लवू देईनात.
मागून अण्णा ओरडतायत,
'हला की जरा! फोटो न्हवं हे!'
तरी कुणी हलेना.
फक्त बाबगोंडाकाकांचा धाकटा
शेंबूड पुसत एकटाच चालत गेला
चौकटीच्या बाहेर.
(तो आता पुण्यात असतो. त्याला हे पाठवलं.
त्यानं अंगठा पाठवला.)

कॅमेरा मस्कतच्या मामांचा,
आठ दिवसांच्या बोलीवर आणलेला.
दोन महिने परत गेला नाही.
'जिनगोंडाला दिला तिथंच चुकलो,' मामा अजून म्हणतात.
आणि एवढ्या दोन महिन्यांत
अण्णा स्वतः कुठंच नाहीत.
खोकला आहे. दाढेखाली सुपारी फुटते.
'मागची खरखर काढू का?' भाईंनी विचारलं.
म्हटलं, राहू दे थोडी.

तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी
बटण दाबायचं राहून गेलंय.
कॅमेरा कुठंतरी पाटावर, तिरका.
अकरा मिनिटं नुसती शहाबादी फरशी,
दिवाणाचा एक पाय,
मांजराची शेपूट, दोनदा.
आई विचारते, 'शेठनी दिले का पैसे?'
उत्तर ऐकू येत नाही.
भाकरी मोडल्याचं ऐकू येतं.
ती परत विचारत नाही.

'हे कापू या,' भाई म्हणाले, 'काही नाही यात,
उगाच जागा खातंय.'
तेवढ्यात दोन पाय आले,
घोट्यापर्यंतच,
दाराकडं गेले, थांबले,
एका टाचेनं दुसरी टाच खाजवली
आणि कुणी हाक मारल्यासारखे परत फिरले.

भाई पडद्याजवळ वाकले.
'पिवळं जास्त मारतंय बघा.
जुनी टेप, होतं असं. रंग दुरुस्त करून देतो.'

नको म्हटलं.
ते बिघडलेलं नाही.
मार्केट यार्डात तोलाई करायचे,
दिवसभर हळदीच्या ढिगात अनवाणी.
आई रविवारी वजरीनं घासायची त्या टाचा,
सोमवारी परत तशाच.

भाई काही बोलले नाहीत.
माउसवरचा हात काढून घेतला,
खालच्या पोराला दोन चहा सांगितले.
एक कॅसेट बाकी होती.
दीड तास.